हेकट कुत्र्याला घर देताना

ग्वाल्हेरच्या हजीऱ्यात कुत्री दोन ठिकाणी राहतात. काही गल्लीत, काही गच्चीवर.

गल्लीतली कुणा एकाची नसतात, पण सगळ्यांच्या ओळखीची असतात. दूधवाल्यावर ती भुंकत नाहीत. नवख्या कुरिअरवाल्याला मात्र पार चौकापर्यंत पोचवून येतात. गच्चीवरची जातिवंत असतात. निळ्या डोळ्यांचा हस्की, रुंद छातीचा रॉटवायलर, आखूड केसांचा पिटबुल. पिल्लू होता तोवर तो खाली माणसांत होता, सोफ्यावर झोपत होता. मग अंगानं भरला. चपला फाडल्या, पाहुण्यांवर गुरगुरला, साखळी हिसडून धाकट्याला पाडलं, आणि त्याची रवानगी एकेक मजला वर होत गेली. आता टाकीच्या सावलीपुरती जागा, एक घमेलं आणि दिवसभर खालच्या रस्त्याकडे बघत भुंकणं. यानंतर जे होतं ते बहुधा रात्री होतं. कुणीतरी त्याला गाडीत घालून शहराबाहेर सोडून येतं, नाहीतर एखाद्या निवाऱ्याच्या फाटकाला बांधून निघून जातं.

हे प्रकरण त्या फाटकापासून सुरू होतं. कुत्रा सुटला आहे, त्याला घर हवं आहे आणि तुमचा जीव त्याच्यावर जडला आहे. पहिल्या मालकानं त्याला हौसेनं आणलं होतं, तुम्ही दयेनं आणाल. हौस आणि दया या दोघींचा हिशेब सारखाच कच्चा असतो. म्हणून माझं सांगणं असं, की कुत्रा किती हट्टी आहे हे विचारण्याआधी तो हट्ट कुठल्या कामासाठी घडवला गेला ते विचारा, आणि मग ते काम मावेल एवढी जागा, वेळ आणि माणसं आपल्या घरात आहेत का ते मोजा.

आपल्या मनात शहाण्या कुत्र्याचं एक ठरीव चित्र असतं, आणि ते बहुतेकदा जर्मन शेफर्डचं असतं. 'बस' म्हटलं की बसतो, 'आण' म्हटलं की आणतो. यात नवल नाही. मेंढपाळाच्या हाताकडे आणि शिटीकडे लक्ष ठेवून काम करणं हाच त्याच्या पूर्वजांचा धंदा होता. पण सगळ्याच कुत्र्यांचा धंदा माणसाच्या नजरेसमोर चालत नव्हता. कॉकेशसच्या डोंगरात रात्री लांडगा आला की मेंढपाळाला उठवून परवानगी मागायला वेळ नसे; कुत्र्यानंच ठरवायचं. सशामागे सुटलेला शिकारी कुत्रा धन्यापासून क्षणात अर्धा मैल पुढे गेलेला असे. तिथे हाक ऐकू आली तरी तिचा उपयोग काय? जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांची कुत्री गुरं हाकत. तीनशे-चारशे किलोच्या जनावराला मागे रेटायचं तर अंगात ताकद आणि मनात खात्री दोन्ही लागत. या जातींमध्ये पिढ्यान्पिढ्या निवडली गेली ती स्वतः निर्णय घेणारी पिल्लं. तोच गुण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आला की आपण त्याला हेकटपणा म्हणतो.

हस्कीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे, आणि ते शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. प्रतिविष पोचवायचं तर बर्फावरून हजारएक किलोमीटरची वाट, आणि वाहन एकच, कुत्र्यांची घसरगाडी. वीस गाडीवानांनी टप्प्याटप्प्यानं ते प्रतिविष पोचवलं. शेवटचा टप्पा धावलेला बाल्टो जगप्रसिद्ध झाला, न्यूयॉर्कला त्याचा पुतळा उभा राहिला. सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याचा टप्पा मात्र लिओनहार्ड सेपाला यांच्या टोगोनं ओढला होता. हा टोगो पिल्लू असताना इतका उपद्व्यापी होता की सेपाला यांनी त्याला पाळायला दुसऱ्या घरी देऊन टाकलं. त्यानं त्या घराच्या खिडकीची काच फोडून उडी मारली आणि काही मैल धावत तो परत आला. आजच्या भाषेत सांगायचं तर टोगो हा 'जमला नाही म्हणून परत आलेला' कुत्रा. गाडीच्या पुढच्या कुत्र्याकडून गाडीवानाची एक विचित्र अपेक्षा असते: बर्फ पातळ वाटला तर माझी आज्ञा मोडायची. ज्या जातीत आज्ञाभंग हा गुण म्हणून जपला गेला, ती ग्वाल्हेरच्या दिवाणखान्यात आल्याबरोबर आज्ञाधारक होईल ही आशा जरा भाबडीच.

हट्टी म्हणजे मठ्ठ, हाही एक जुना घोटाळा आहे. स्टॅनली कोरेन या मानसशास्त्रज्ञानं १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवर एक पुस्तक लिहिलं. आज्ञापालनाच्या परीक्षकांना विचारून त्यानं जातींची क्रमवारी लावली. बॉर्डर कॉली पहिला आला, अफगाण हाउंड शेवटचा. वाचकांनी अफगाण हाउंडला ढ ठरवून टाकलं. वास्तविक मोजलं गेलं होतं ते सांगितलेलं किती लवकर ऐकतो एवढंच. डोंगरकपारीत स्वतःच्या अकलेनं शिकार करणाऱ्याला त्या परीक्षेत काय गुण मिळणार?

आता दुसरी बाजू. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी वागणुकीची माहिती भरून दिली होती, आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली होती. निष्कर्ष असा की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला फक्त सुमारे ९ टक्के वाटा जातीचा असतो. म्हणजे 'रॉटवायलर ना, मग चावणारच' हे जितकं चूक, तितकंच 'लॅब्राडोर ना, मग काही करत नाही' हेही चूक. गंमत अशी की त्या अभ्यासात जातीचा प्रभाव त्यातल्या त्यात जास्त दिसला तो माणसाचं सांगणं कुत्रा किती मनावर घेतो या गुणावर. भीती, चिडचिड, अनोळखी माणसाबद्दलचा राग यांवर तो फार कमी होता. तेव्हा जातीवरून अंदाज बांधायचा तो ऐकण्या न ऐकण्याचा. चावण्याबद्दल त्या एका कुत्र्याचा इतिहास विचारायचा.

हेकट कुत्र्याला योग्य काम मिळालं तर काय होतं हे बघायला अलास्कापर्यंत जायची गरज नाही. हजीऱ्याहून निघून झाशीच्या रस्त्याला लागलं की तासाभरात टेकनपूर येतं. तिथे सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि त्यातच कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र. १९७० पासून ते सुरू आहे, देशभरातल्या दलांची आणि पोलिसांची कुत्री तिथे शिकून गेली आहेत. बराच काळ तिथला मान शेफर्ड, लॅब्राडोर, मॅलिनॉय अशा परदेशी जातींचा. गेल्या काही वर्षांत मात्र रामपूर आणि मुधोळ हाउंडना तिथे मुद्दाम शिकवलं जाऊ लागलं. २०२४ साली लखनौला झालेल्या अखिल भारतीय पोलिस कर्तव्य मेळाव्यात रिया नावाच्या मुधोळ कुत्रीनं माग काढण्यात पहिला नंबर मिळवला आणि सबंध मेळाव्यातली सर्वोत्तम कुत्री हा किताबही.

मुधोळ म्हणजे आपलाच की. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे ज्याला कारवानी म्हणतात, कानांवर रेशमी केस असले तर पश्मी म्हणतात, तोच हा लांब पायांचा, आत गेलेल्या पोटाचा शिकारी कुत्रा. मुधोळचे मराठा संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली आणि संस्थानाचं नाव कुत्र्याला चिकटलं. ९ जानेवारी २००५ ला पोस्टानं चार देशी जातींची तिकिटं काढली, त्यांतही मुधोळ होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा असं सांगितलं आणि ज्यांनी आयुष्यात कधी ससा धावताना पाहिला नव्हता तेही मुधोळचं पिल्लू शोधू लागले.

टेकनपूरच्या कुत्र्याला रोज ठरल्या वेळी मैदान, ठरलेलं काम आणि एक ठरलेला माणूस मिळतो. त्या माणसाची ती नोकरीच असते. तुमच्या घरी ही नोकरी कोण करणार? इथे बहुतेक घरांत सगळे एकमेकांकडे बघतात, आणि शेवटी ती आईच्या वाट्याला येते, जिनं कुत्रा आणू नका म्हणून सांगितलं होतं.

शिवाय कारवानीच्या जातीचा स्वभाव लक्षात ठेवा. नजर हेच त्याचं नाक. दूरवर मांजर हललं की बाकी जग त्याच्यापुरतं संपतं. घरात तो इतका शांत असतो की आहे की नाही कळत नाही, पण दोर सुटला तर हाक मारून परत येईल या भरवशावर कधीही राहू नये. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून जानेवारीतल्या ग्वाल्हेरच्या धुक्यात त्याला झूल लागते. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर हा हाउंड आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. या बांध्याच्या कुत्र्यांना भूल देताना जास्त जपावं लागतं.

पिटबुल आणि त्याच्या भाऊबंदांबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण त्यांच्याबद्दल दोन्ही बाजूंनी खोटं बोललं जातं. इंग्लंडात बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ होता. १८३५ च्या कायद्यानं तो बंद झाला, मग खड्ड्यात कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या गेल्या. 'पिट' म्हणजे तोच खड्डा. झुंजीतला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला सोडत नसे, पण मधे हात घालणाऱ्या धन्याला चावला तर त्याची तिथे धडगत नसे. त्यामुळे माणसाशी लाघवी आणि कुत्र्याशी हाडवैर असं मिश्रण या वंशात बरंच दिसतं. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही तो पिटबुलला मुलांमध्ये लोळताना बघून निश्चिंत होतो, आणि मग त्याला गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीतून फिरवायला नेतो.

जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध बाईचा घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि देशभर घबराट पसरली. गाझियाबादच्या नगर निगमानं त्याच वर्षी काही जातींवर बंदी घातली. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं तेवीस जातींची यादी काढली. रॉटवायलर, पिटबुल, कॉकेशियन शेफर्ड, अकिता सगळे त्यात होते. त्यांची आयात, पैदास, विक्री थांबवा, आणि पाळलेल्यांची नसबंदी करा, असं राज्यांना कळवलं. पुढच्याच महिन्यात आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलेलं नव्हतं हा मुख्य आक्षेप होता. ज्या दिवशी यादी छापून आली त्या दिवशी, वाचून घाबरलेल्या किती मालकांनी आपला कुत्रा रस्त्यावर सोडला असेल, याचा विचार यादी करणाऱ्यांनी केला होता का? बंदी पैदाशीवर असावी असं माझंही मत आहे. पण जन्माला आलेल्या कुत्र्याची जबाबदारी यादी करून संपत नाही.

आता टेप काढा. घर हजीऱ्यातलं धरू. हजीरा या अरबी वळणाच्या शब्दाचा अर्थ कुंपण घातलेलं आवार. सूफी संत गौस मोहम्मद आणि गायक तानसेन यांच्या मकबऱ्यांचं आवार इथेच आहे.  मकबऱ्याची बाग सोडली तर उरलेली वस्ती दाट. बिर्लानगरच्या गिरणीच्या जमान्यात बसलेल्या चाळी, नंतर चढवलेले मजले, भाजीबाजार, ई-रिक्षा, लग्नाची बँडबाजासह वरात. अशा गल्लीतून तीस किलोच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, पाऊण-पाऊण तास कोण फिरवणार? आणि कधी? मे-जूनमध्ये इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी सहा आणि रात्री दहानंतर एवढ्याच दोन वेळा उरतात, तेव्हा गल्लीची कुत्री पहाऱ्यावर असतात.

उन्हाचं नीट समजून घ्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांतून येतो तो नावापुरता. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापेवाटे टाकायची. त्याचं अंग नेहमीच ३८ ते ३९ अंशांच्या घरात असतं, ४१ च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळ्यात त्याचे केस भादरून टाकावेत असं पुष्कळांना वाटतं, पण तसं करू नये. बाहेरचा थर ऊनही अडवतो. त्याला दुपारभर कुलरची किंवा एसीची खोली लागते, वीज गेली तर इन्व्हर्टर लागतो. यातलं काही शक्य नसेल तर हस्की नको. एवढा सरळ नियम आहे. मन धजत नसेल तर मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या गच्चीवर अनवाणी उभं राहून बघावं.

पुढचं मोजमाप माणसांचं. घरात सहा वर्षांखालचं मूल आहे? गुडघे दुखणारी आजी आहे? मोठा कुत्रा प्रेमानं अंगावर आला तरी आजी पडतेच. घर भाड्याचं आहे का, आणि मालकाला लेखी विचारलं आहे का? घरात अंडंसुद्धा चालत नसेल तर कुत्र्याला काय घालणार? दूध-पोळीवर तीस किलोचा कुत्रा जगतो, पण नीट पोसला जात नाही. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,४०० किलोकॅलरी लागतात, आणि त्यात प्रथिनं भरपूर हवीत. शिवाय सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा, कांदा आणि चॉकलेट त्याच्या पोटात जाता कामा नये. बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. प्रसाद म्हणून कुणी दिला तरी तो विषच.

वयाचंही गणित करा. रॉटवायलर आठ ते दहा वर्षं जगतो, हस्की बारा ते चौदा. आज नववीत असलेली मुलगी 'मी सांभाळीन' म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. पण चार वर्षांनी ती पुण्याला शिकायला जाणार असते आणि कुत्रा तिच्या होस्टेलवर जाणार नसतो.

हे सगळं जमत असेल तर मग निवाऱ्यात जा, आणि पूर्वी स्थळाची करायचे तशी चौकशी करा. हा कुठून आला? आधीच्या घरानं का सोडला? कुणाला चावला आहे का, कुठे, किती खोल, आणि त्याआधी काय घडलं होतं? ताटावर, खेळण्यावर, अंथरुणावर हक्क सांगतो का? दुसऱ्या कुत्र्यांशी, मांजरांशी, मुलांशी कसा वागतो? रात्री एकटा राहतो का? जो निवारा 'काही करत नाही हो, गुणाचा आहे' एवढंच सांगून कुत्रा लगेच गाडीत बसवून देतो त्याच्यापासून जपून राहा. जो उलट तुम्हालाच वीस प्रश्न विचारतो, घर बघायला येतो, नसबंदी आणि लसीचे कागद दाखवतो आणि जमलं नाही तर परत आमच्याकडेच आणायचा असं लिहून घेतो, तो निवारा खरा. त्याचा राग मानू नका. कुत्र्याला एकदा नाही, तीन-चारदा भेटा, वेगवेगळ्या वेळी, आणि शेवटच्या भेटीला घरातल्या सगळ्यांना न्या.

भेटीत काय बघायचं? तुम्ही पाठ वळवली की तो काय करतो ते. हाताकडे बघतो की तोंडाकडे. आवाज झाल्यावर दचकतो हे ठीक, पण दचकल्यानंतर किती वेळात सावरतो? दचकून मिनिटभरात पुन्हा वास घेत फिरणारा कुत्रा, अजिबात न दचकणाऱ्या पण गोठून उभ्या राहणाऱ्या कुत्र्यापेक्षा बरा. गोठणं हे गुरगुरण्याच्या आधीचं अक्षर आहे.

गुरगुरण्यावरून आठवलं. आपल्याकडे कुत्रा गुरगुरला की फटका देण्याची पद्धत आहे. फटके खाऊन तो गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. मग लोक म्हणतात, 'काही कारण नसताना एकदम चावला.' त्यानं सूचना द्यायचं थांबवलं, कारण सूचना दिली की मार मिळतो हे तुम्हीच शिकवलंत. गुरगुरला तर थांबा, मागे सरा आणि कशानं गुरगुरला ते लिहून ठेवा. तोंडातली चप्पल ओढून घेऊ नका. तिच्या बदल्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. हेकट कुत्र्याशी हुकमानं फारसं जमत नाही, सौद्यानं जमतं. दुसऱ्याला 'बस' एकदा सांगावं लागतं. याला आधी बसण्यात त्याचा फायदा काय ते दाखवावं लागतं. कमी अकलेचं लक्षण म्हणाल तर तसं काही नाही, आपल्यातली बरीच माणसं अशीच वागतात.

घरी आणल्यावर पहिले दिवस कंटाळवाणे ठेवा. कुत्री सोडवणाऱ्या मंडळींत तीनाचा एक पाढा आहे: तीन दिवस भेदरण्यात जातात, तीन आठवडे घराची रीत कळण्यात, तीन महिन्यांनी तो तुमचा होतो. हा काही शास्त्राचा नियम नव्हे, अनुभवाचा ठोकताळा आहे, पण नातेवाइकांना 'या बघायला' म्हणून पहिल्याच रविवारी बोलावण्यापासून तो तुम्हाला वाचवतो. पहिल्या आठवड्यात एक खोली, एक माणूस, ठरल्या वेळी जेवण. अंघोळ नको, मिठ्या नकोत. डॉक्टरकडे मात्र लवकर न्या: रेबीजची लस, बाकीच्या लसी, जंताचं औषध आणि गोचीडतापासाठी रक्ताची तपासणी. हाडं दुखत असलेला किंवा कान सुजलेला कुत्रा चिडका वाटतो, तो हट्ट नसतोच. कुणालाही दात लागला, अगदी खरचटलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. हळद-मिरची लावत बसायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल.

फिरवताना गळ्यात पट्टा आणि छातीवर हार्नेस दोन्ही, दोर दीड-दोन मीटरचा, हातात गुंडाळलेला नको. जाळीचं मुसकं घालायला शिकवा. बैलाला मुसकं घातलं म्हणून आपण त्याला खुनी म्हणत नाही. कुत्र्याला घातलं की लोक बिचकतात. बिचकू देत. मुसक्यात त्याला धाप टाकता यावी, पाणी पिता यावं एवढं ते मोठं हवं, आणि ते एकदम चढवायचं नाही. आठवडाभर मुसक्यातूनच खाऊ द्या, मग तो आपणहून तोंड घालतो. गल्लीतली कुत्री आडवी आली तर वाट बदला. तिथली मालकी त्यांची आहे, तुमचा पाहुणा आहे.

आणि हे सगळं वाचून 'आपल्याला नाही झेपणार' असं वाटलं तर? मग तेच उत्तर बरोबर. अशा घरासाठी गल्लीतला एखादा कुत्रा आहेच. तोही स्वतःच्या डोक्यानं चालणारा, पण या हवेत, या आवाजात मुरलेला. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांना दत्तक घेण्यासाठी स्थानिक संस्थेकडे अर्ज करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. अट एकच, दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये.

घेतल्यावर जमलं नाही तर काय करायचं हे घेण्याआधीच ठरवा. प्राण्यांशी क्रूरतेला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला धोका आणला तर भारतीय न्याय संहितेत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, पण कुत्र्याला सोडून देण्याची किंमत अजून १९६० च्याच दरानं चालते. तेव्हा कायद्याच्या धाकावर विसंबू नका. जिथून घेतला त्यांनाच परत द्या, आणि काय काय घडलं ते खरं सांगा, चावल्याचंसुद्धा. तुम्ही लपवलेलं एक चावणं पुढच्या घरातल्या मुलाच्या गालावर उमटतं.

नेण्याच्या दिवशी एक काम निवाऱ्याच्या फाटकातच उरका. नव्या घरात आलेला कुत्रा पहिल्या आठवड्यात पळण्याची भीती सर्वांत जास्त असते. दार उघडं दिसलं की तो सुटतो, आणि अजून त्याला तुमचं घर ठाऊक नसतं. टोगोला निदान परत कुठे जायचं ते माहीत होतं. तेव्हा गाडीत बसवण्याआधी गळपट्ट्यावर फोन नंबर घाला, दोन नंबर घाला, आणि पट्टा कानांवरून निसटत नाही ना हे स्वतः ओढून बघा.